धीर, धसका आणि दहा चिंचोके

"मावशी, माझं डोकं फिरलं!" माझी भाची आनंदाने ओरडली आणि तिने शेजारच्या मुलाला टाळी दिली. फासा घरंगळत टेबलाखाली गेला होता, तो शोधायला दोघे जण वाकले होते. पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभा असलेला माझा नवरा चेहरा गंभीर करून म्हणाला, "आज हिचं का? मागच्या रविवारी तर भिक्षूचं फिरलं होतं."

वाचकांनी घाबरून जाऊ नये. आमच्या घरी रविवारी सकाळी दहा ते दोन हे असेच चालते. टेबलाभोवती पाच माणसे बसतात. एक तलवारबाज, एक चेटकीण, एक मठातून पळालेला भिक्षू, एक भुरटी चोर, आणि पाचवी मी, म्हणजे सूत्रधार. पट नसतो. सोंगट्या असल्या तर ठीक, नाहीतर शेंगदाण्यांवर भागते. मी गोष्ट सांगायची, "तुमच्यासमोर दगडी दार आहे आणि फटीतून पाणी झिरपतंय." मग आपापले पात्र काय करते ते त्यांनी सांगायचे. जे सहज जमण्यासारखे आहे ते जमते, जे अशक्य आहे ते जमत नाही आणि मधल्या सगळ्यासाठी फासे टाकायचे. हे फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे असतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट तेवढी पुढे सरकते. माझ्या आईला मी हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भातुकलीच की गं, फक्त राक्षस घालून." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

या राक्षसवाल्या भातुकलीचे पहिले छापील नियम १९७४ साली निघाले. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन, आणि गाव अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले लेक जिनिव्हा. मी १९८८ साली शिकायला गेले ती त्याच राज्यातल्या मॅडिसनला. तिथला हिवाळा ज्याने काढला आहे त्याला कळेल की संध्याकाळी पाचनंतर माणूस तळघरात बसून राक्षस का मारतो. तळघरात हीटर होता, कॉफी होती आणि माझे इंग्रजी कोणी तपासत नव्हते. अमेरिकेत त्या दशकात या खेळाबद्दल मोठा गवगवा होता. हा खेळ खेळून मुलांचे डोके फिरते, असे पालकांना वाटे. खेळता खेळता भान हरपलेल्या मुलावर १९८२ साली टीव्हीसाठी एक चित्रपटही निघाला होता, त्यात तरुण टॉम हँक्स होता. गंमत अशी, की ज्या सुमारास बाहेर ही ओरड चालू होती, त्याच सुमारास एका दुसऱ्या खेळाने डोके फिरण्याचेच नियम करून टाकले होते, तेही आकडेमोडीसकट.

त्या खेळाचे नाव 'कॉल ऑफ कथुलू'. कॅलिफोर्नियातल्या केऑसियम या कंपनीने तो १९८१ मध्ये काढला. सँडी पीटरसन हे त्याचे कर्ते. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या जगावर तो बेतला आहे. नारायण धारपांच्या कथा चादरीत शिरून वाचलेल्यांना हे जग परके वाटणार नाही. समुद्राच्या तळाशी, ताऱ्यांच्या पलीकडे काहीतरी अतिप्राचीन पडून आहे, त्याला माणसाची दखलही नाही, आणि ज्याला हे कळते त्याचे मन ते कळणे पेलू शकत नाही. फरक इतकाच, की धारपांकडे बऱ्याचदा समर्थ धावून येतो. लव्हक्राफ्टकडे कोणी येत नाही.

आता हे खेळात कसे आणायचे? इतर खेळांत पात्राचा जीव आकड्यांत मोजतात, तलवार लागली की आकडा उतरतो. पीटरसननी तसाच दुसरा आकडा मनाला दिला, 'सॅनिटी'. मनोबल अकरा असेल तर पाचाने गुणून पंचावन्न. काही भयंकर दिसले की शंभराचा फासा टाकायचा. पंचावन्न किंवा त्याखाली पडला तर निभावले, वर पडला तर गुण गेले. चालते प्रेत दिसले तर एक ते आठ. प्रत्यक्ष कथुलू समोर आला तर निभावले तरी एक ते दहा, आणि न निभावले तर एक ते शंभर, म्हणजे बहुतेकदा खेळ खलासच. आकडा शून्यावर आला की तुमचे पात्र तुमचे राहत नाही, सूत्रधार ते उचलून घेऊन जातो.

यातला मला सर्वांत आवडलेला नियम वेगळाच आहे. एका झटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले तर लगेच बुद्धीचा फासा टाकायचा. तो यशस्वी झाला तर डोके फिरते, अयशस्वी झाला तर वाचलात! कारण जे पाहिले त्याचा अर्थ कळला तरच माणूस हलतो. मठ्ठ माणसाला अर्थच लागत नाही, तो विसरून जातो आणि रात्री शांत झोपतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण इतक्या काटेकोर गणिताने कोणी सिद्ध केली असेल असे मला वाटत नाही. शिवाय त्या गूढ विद्येचे ग्रंथ वाचून जितके ज्ञान वाढेल, तितकी सॅनिटीची वरची मर्यादा खाली येते, नव्याण्णव उणे ज्ञान. वाचन करू नये असे सांगणारा जगातला हा एकच खेळ असावा. मॅडिसनच्या तळघरात माझे पहिले पात्र एक ग्रंथपाल होते. तिसऱ्या बैठकीत गेले बिचारे.

पुढे मी परत आले, संसार झाला, नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर भाचीच्या आग्रहावरून पुन्हा फासे काढले. गोष्ट मात्र भयाची नको, अद्भुताची हवी, असे मुलांचे म्हणणे पडले, तलवारी, जादू, बुडालेली नगरे वगैरे. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवाचे बुडालेले देऊळ वर येते. ते मी एकदा उन्हाळ्यात पाहिले होते आणि डोक्यातून गेले नव्हते. तेव्हा आमची गोष्ट ठरली ती पाण्याखालून हळूहळू वर येणाऱ्या एका नगरीची. आणि ती नगरी पाहून मनाला काही होणारच नाही, हे मला पटेना. मी जुना सॅनिटीचा नियम उचलला आणि अद्भुताच्या खेळात बसवला.

तो बसत नाही. का ते सांगते. कथुलूच्या खेळातली पात्रे साधी माणसे असतात, प्राध्यापक, वार्ताहर, ग्रंथपाल. त्यांना आयुष्यात एकदा प्रेत चालताना दिसते. अद्भुताच्या खेळातला तलवारबाज न्याहारीच्या आधी दोन पिशाच्चे मारतो. पंचावन्न गुणांचा माणूस, पंचेचाळीस टक्के वेळा चुकणार, चुकला की सरासरी साडेचार जाणार, म्हणजे दर भयामागे साधारण दोन गुण. एका रविवारी चार नवी भये आली की आठ गेले, आणि आकडा उतरेल तशी चुकण्याची शक्यता वाढतच जाते. सहा रविवारांत सगळे वीर घरी बसणार. बरे, उलटे टोकही आहेच. अद्भुताच्या खेळात पुरोहिताकडे मंत्र असतो. तो हात ठेवतो आणि तीन महिन्यांची भीती चुटकीसरशी जाते. एकीकडे सगळे खचतात, दुसरीकडे कोणाला काहीच होत नाही.

या पेचात मीच पहिली सापडले असे नाही. खुद्द पीटरसन यांनी केऑसियमकडे आधी विचारणा केली होती ती अद्भुताच्या खेळाचीच. लव्हक्राफ्टच्या स्वप्नभूमीवर त्यांना त्या कंपनीच्या 'रूनक्वेस्ट'साठी पुरवणी लिहायची होती. पुढे अनेकांनी कलम करून पाहिले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००४ सालच्या एका जाडजूड पुस्तकात शहाणपणाच्या आकड्याला पाचाने गुणून सॅनिटी काढायचा पर्याय दिला होता, म्हणजे जवळजवळ मूळ गणितच. २०१४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात सॅनिटी हा ऐच्छिक सातवा गुण झाला, आणि शिवाय वेडाचे तक्ते आले. शंभराचा फासा टाका आणि काय झाले ते वाचा, काही मिनिटांचे, काही तासांचे की कायमचे. वापरायला सोपे म्हणून लोकांनी वापरले. मीही त्यातलीच.

पण मला अधिक शिकायला मिळाले ते आडवाटेच्या खेळांतून. १९९० साली निघालेल्या 'रेव्हनलॉफ्ट'च्या नियमांनी भय आणि घृणा वेगळी काढली. अंगावर वाघ आला तर भय. आपल्याच माणसाने केलेले दुष्कृत्य पाहिले तर दुसरेच काहीतरी, ज्याला पळून जाणे हा उपाय नाही. १९८५ चा 'पेंड्रॅगन' हा आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ, ग्रेग स्टॅफर्ड यांचा. त्यात डोके फिरते ते राक्षसामुळे नव्हे तर प्रेम, निष्ठा, द्वेष यांच्या अतिरेकाने, आणि फिरले की सरदार रानात निघून जातो. जुन्या कथांत लान्सलॉट असाच रानोमाळ भटकतो आणि बरा होऊन परत येतो. १९९८ च्या 'अननोन आर्मीज'मध्ये मनावरचे घाव पाच प्रकारांत मोजतात, हिंसा, अनैसर्गिक, असहायता, एकाकीपणा आणि स्वतःची ओळख. घाव पचवला की त्या प्रकाराला माणूस निबर होतो. पण निबर होणे हीही हानीच धरली आहे, कारण अशा माणसाला हळूहळू काहीच वाटेनासे होते. हा नियम वाचला त्या रात्री मला आमच्या नात्यातले एक निवृत्त पोलीस अधिकारी आठवत राहिले. आणि २०११ चा 'द वन रिंग', फ्रान्सेस्को नेपिटेलो यांचा, टॉल्किनच्या जगातला. तिथे आशेचे गुण आणि छायेचे गुण समोरासमोर असतात. छाया आशेला गाठते तेव्हा माणूस खिन्न होतो, त्याचा तोल केव्हाही जाऊ शकतो. टॉल्किन १९१६ च्या सोमच्या लढाईत खंदकात होता. त्याचा फ्रोडो मोहीम फत्ते करूनही स्वतःच्या घरात पुन्हा रुळू शकत नाही, शेवटी समुद्रापार निघून जातो. वीर परत येतो, पण पूर्ण येत नाही, हे अद्भुतकथेला पहिल्यापासून ठाऊक होते. खेळांनीच ते उशिरा ओळखले.

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र मी सोपा मार्ग घेतला होता. दोनतीन पुस्तकांतून उचलून, माझी चार भर घालून, शंभर ओळींची यादी केली होती, 'डोके फिरल्यावर काय होते' अशी. टाकला फासा, वाचली ओळ. सगळ्यांना ती यादी प्रचंड आवडली. रविवारची वाट राक्षसांसाठी नव्हे, यादीसाठी पाहिली जाऊ लागली. त्या रविवारी तलवारबाजाचा फासा सातावर पडला. सात म्हणजे सारखे हात धुणे. दहा बाजूंचा फासा टाकायचा आणि येईल त्याच्या दसपट तास हे चालणार. आमचा तलवारबाज म्हणजे शेजारचा मुलगा, कॉलेजच्या नाटकांत कामे करणारा. त्याने अशी काही नक्कल केली, ढाल टाकून हात चोळले, पिशाच्चाला "एक मिनिट हं" म्हणाला, की भाचीच्या डोळ्यांतून पाणी आले. मीही हसले. हे लिहायला हवे म्हणून लिहिते, मी चांगली खळखळून हसले.

चोराचे काम करणारी मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायला गेली असेल असे वाटले. बराच वेळ आली नाही म्हणून मी आत गेले, तर ती ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, माझ्या दादाला हे आहे. आठ वर्षं झाली. त्याच्या हातांची सालं निघतात. किती तासांनी संपणार ते फासा टाकून कळलं असतं ना, तर आईनं रोज टाकला असता."

मला काय बोलावे सुचेना. तिनेच मग विषय बदलला, पोहे छान झालेत म्हणाली, आणि डोके दुखते आहे असे सांगून घरी गेली. पुढचे तीन रविवार ती आली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी यादी पुन्हा वाचली. शंभर ओळींतल्या निदान तीस तरी कोणाच्या ना कोणाच्या घरात रोज घडणाऱ्या होत्या. सारखे दार तपासणारी काकू, अंथरुणातून न उठणारा भाऊ, कोणीतरी आपल्या मागावर आहे म्हणणारे शेजारी. लव्हक्राफ्टबद्दल जे पूर्वी नुसते वाचले होते, ते आता वेगळे दिसू लागले. त्याच्या वडिलांना १८९३ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटल या मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. ते १८९८ मध्ये तिथेच वारले. आईला १९१९ मध्ये त्याच रुग्णालयात न्यावे लागले, ती १९२१ मध्ये गेली. ज्ञान झाले की माणूस वेडा होतो ही त्याची कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. त्या पोराच्या घरात ती जेवायला बसत होती. त्याच्या कथांवर खेळ करणाऱ्यांनी तिला आकडे दिले, त्या आकड्यांचे पुढे कोणी तक्ते केले, आणि तो तक्ता फिरत फिरत माझ्या टेबलावर आला तोवर त्याचा विनोद झाला होता.

नियम टाकूनच द्यावा असे एकदा मनात आले. पण मग बुडालेल्या नगरीतून ही माणसे काहीच न होता परत येणार, हेही खोटेच. मी मराठी शब्द शोधायला लागले, कारण 'सॅनिटी'ला आपण पटकन 'शहाणपण' म्हणतो आणि मग उरतो तो फक्त 'वेड'. त्या दोहोंच्या मधे आपल्या भाषेत केवढी जागा आहे! धीर धरतो, धीर सुटतो, धीर खचतो. आपण एकमेकांना धीर देतोसुद्धा. म्हणजे ही वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आणि धसका. धसका म्हणजे नुसती भीती नव्हे. भीती त्या क्षणाची असते, धसका नंतर राहतो. विहिरीत पडता पडता वाचलेली बाई पुढे चाळीस वर्षे विहिरीवर जात नाही, आणि घरातले तिला वेडी म्हणत नाहीत. "तिनं धसका घेतलाय" एवढेच म्हणतात आणि पाणी दुसरे कोणीतरी भरते.

आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत होती. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहतो. लव्हक्राफ्टच्या पात्रांना जे दिसते ते त्याच जातीचे नाही का, माणसाच्या मापात न मावणारे? आणि अर्जुन, एवढा वीर, घाबरतो, थरथरतो, आणि तुझे पहिले ओळखीचे रूप पुन्हा दाखव अशी विनवणी करतो. ते रूप त्याला दाखवले जाते, त्याला धीर दिला जातो. मग तो सावरतो. धर्माची चर्चा मला करायची नाही, तेवढा अधिकारही नाही. सूत्रधार म्हणून मला दिसले ते इतकेच, की तो पाहण्याने मोडला नाही कारण शेजारी ओळखीचा कोणी होता. लव्हक्राफ्टचा माणूस मोडतो तेव्हा खोलीत एकटा लिहीत बसलेला असतो. अद्भुतकथेत वीर सहसा एकटे जात नाहीत, चौघे-पाच जण जातात. मग नियम एकेकट्याच्या डोक्यापुरता कशाला?

चौथ्या रविवारी ती मुलगी आली. मी यादी फाडून टाकली होती, ते तिला दाखवले. ती म्हणाली, "फाडायची गरज नव्हती मावशी. मला फक्त एवढंच वाटतं की माझ्या पात्राला काय होतं ते मला ठरवू दे. फाशाला नको." त्या एका वाक्यावर आमचे नवे नियम उभे राहिले. पुढे पाहिले तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वाल्यांनीही २०२१ च्या 'रेव्हनलॉफ्ट'वरच्या पुस्तकात भय आणि ताण यांचे नवे नियम देताना, आपले पात्र कशाला भिते ते खेळाडूबरोबर बसून आधीच ठरवावे, असे म्हटलेले सापडले. पण आमचे चिंचोके त्यांच्याकडे नाहीत.

तर चिंचोके असे. प्रत्येकाच्या समोर एक वाटी, वाटीत दहा चिंचोके. हा धीर. पिशाच्च, भूत, अजगर यांनी तो जात नाही. ते तर तलवारबाजाचे रोजचे काम आहे. धीर जातो तो जगावरचा भरवसा हलतो तेव्हा. मेलेला मित्र हाक मारतो तेव्हा. शरण आलेल्यावर हात उचलला जातो तेव्हा. कोणाला तरी मागे सोडून दार लावून घ्यावे लागते तेव्हा. तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. साधा प्रसंग असेल तर दहा गाठायचे, कठीण असेल तर तेरा, फारच असेल तर सोळा. गाठले तर काही जात नाही. न गाठले तर सहाच्या फाशाच्या निम्मे, म्हणजे एक ते तीन चिंचोके मधल्या ताटलीत टाकायचे. आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी सांगते, तेराच्या प्रसंगाला दोनची भर असलेले पात्र निम्म्या वेळा चुकते, म्हणजे प्रसंगामागे सरासरी एक चिंचोका. एका रविवारी असे दोन प्रसंग, आणि एका शांत रात्रीने एक परत. वाटी रिकामी व्हायला साधारण दहा बैठका लागतात. एखाद्या गोष्टीची चाहूल लागायला हा वेळ बरोबर पुरतो.

वाटी रिकामी झाली की डोके फिरत नाही. पात्र धसका घेते. खेळाडू एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहितो, आपल्या पात्राला आता काय सहन होत नाही ते, आणि वाटी पुन्हा भरून घेतो. धसका पाळला आणि त्यापायी नुकसान सोसले तर पुढे एक फासा पुन्हा टाकायची मुभा. धसका झुगारून पुढे जायचे असेल तर आधी एक चिंचोका. पुरोहिताचा मंत्र धसका तासभर थोपवतो, घालवत नाही. रात्री शेकोटीपाशी सोबत्याला मनातले सांगितले तर एका चिंचोक्याऐवजी तीन परत, मात्र ते टेबलावर खरोखर बोलून दाखवायचे. "मी त्याला सगळं सांगितलं" एवढ्यावर भागत नाही. आणि ऐकणाऱ्याला हवे तर तो आपल्या वाटीतला एक देऊ शकतो. याशिवाय टेबलाच्या मधे एक फुली मारलेले कार्ड असते. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी २०१३ मध्ये ही युक्ती लिहून काढली. ज्याला गोष्ट नको त्या दिशेला जाते आहे असे वाटेल त्याने कार्डाला बोट लावायचे, गोष्ट वळते, कारण विचारायचे नाही. दोन वर्षांत आमच्याकडे ते तीनदा वापरले गेले. त्यातले एकदा माझ्या नवऱ्याने, मी उंदरांचे वर्णन करत असताना, आणि तो तर खेळतही नव्हता.

तक्रार आली नाही असे नाही. तलवारबाज म्हणाला, "मावशी, हे सगळं छान आहे, पण भीतीच राहिली नाही. पूर्वी शून्य म्हणजे शून्य होतं. आता चिठ्ठी लिहिली की वाटी फुल्ल." त्याचे म्हणणे मला खोडून काढता येईना. कथुलूच्या खेळात अंगावर जो काटा येतो तो गेलेले परत येत नाही याचाच असतो, आणि आम्ही नेमके तेच काढून टाकले होते. दोन आठवडे वाद चालला. भिक्षूचे काम करणारा आमचा सीएचा विद्यार्थी, त्याने ताळेबंदासारखा तोडगा काढला. धसका घेतला की वाटी भरायची, पण नऊच. पुढच्याला आठ. तो एक चिंचोका बाजूला ठेवायचा, आणि गोष्टीतच काहीतरी घडून तो धसका उतरला तर परत मिळवायचा. अजून एकाचाही उतरलेला नाही. कथुलूची भीती मात्र आमच्याकडे परत आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. आमच्याकडे आली आहे ती काळजी, सोबत्याच्या वाटीकडे हळूच पाहण्याची.

गेल्या महिन्यात तलवारबाजाची वाटी रिकामी झाली. बुडालेल्या देवळाच्या गाभाऱ्यात पाणी चढत होते, दाराच्या पलीकडून त्याच्या धाकट्या भावाचा आवाज येत होता, आणि दार लावणे भाग होते. त्याने ते लावले. सोळा गाठायचे होते, चार पडला. पोरगा कागद घेऊन बराच वेळ बसला, नेहमीची थट्टा नाही. मग लिहिले, 'बंद दाराच्या खोलीत झोपता येत नाही.' शेकोटीपाशी कोणीच काही बोलेना. चोराचे काम करणारी मुलगी आपल्या वाटीत बोट फिरवत होती, तिच्याकडे चार उरले होते. तिने एक उचलला, त्याच्या वाटीत टाकला आणि म्हणाली, "तू आत झोप. दार उघडं ठेव. मी उंबऱ्यावर बसते."

दोन वाजून गेले होते. पुढच्या रविवारी त्यांना गाभाऱ्याखालच्या पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि तळाशी काय ठेवावे ते माझे अजून ठरलेले नाही.